ईश्वरावलंबन, ख्रिस्ती

विपत्काळी परमेश्वरावर सर्व भिस्त ठेवून आरंभिलेले कार्य न सोडणे, या ख्रिस्ती निष्ठेचे महाराष्ट्रातील सर्वांत उज्ज्वल उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). मद्रास इलाख्यातील दुष्काळात मातापिता गेले, १८८० मध्ये बंधू श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधवी निवर्तले. पुढल्याच वर्षी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मात्र त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी बाप्तिस्म्यानंतरच लागली. त्यांनी स्थापिलेल्या शारदासदन या संस्थेतील मुली प्रार्थनेस बसतात या कारणावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संबंध तोडले, आणि अमेरिकेतील मंडळाने पत्करलेल्या दहा वर्षांच्या साहाय्याची मुदतही पुढे संपत आली. अशा वेळी नवी जबाबदारी टाळणे व्यवहारास धरून झाले असते. तथापि प्रार्थनेच्या बळावर अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांच्या चरित्राने प्रभावित झालेल्या रमाबाईंनी, १८९६–९७ च्या दुष्काळात, स्वतःच्या बालपणीची उपासमार स्मरून, मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुली आणल्या, आणि केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. खर्चाची शाश्वत तरतूद नव्हती. प्रार्थना मात्र अखंड होती. ही निष्ठा निष्क्रिय नव्हती, हे आवर्जून सांगितले पाहिजे : शेती, विणकाम आणि छापखाना यांतून आश्रमाने स्वावलंबनही साधले. १९२१ मध्ये मनोरमाही वारली, तरी हिब्रू व ग्रीक शिकून हाती घेतलेले बायबलचे मराठी भाषांतर रमाबाईंनी सोडले नाही. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.