सेकंड : इंग्रजी क्रमवाचक शब्द

सेकंड : ‘दुसरा’ या अर्थाचे इंग्रजी क्रमवाचक संख्याविशेषण, कालमापनाचे व कोनमापनाचे एक सूक्ष्म परिमाण, तसेच साहाय्यक, अनुमोदक, दुय्यम प्रतीचा माल इत्यादी अर्थी वापरले जाणारे नाम व क्रियापद. मराठीने हा शब्द दोन रूपांत पत्करला आहे. काळाच्या परिमाणाला आपण ‘सेकंद’ म्हणतो आणि आगगाडीचा वर्ग, कारखान्यातील पाळी किंवा वापरलेली सायकल यांच्या बाबतीत ‘सेकंड’ म्हणतो. एका शब्दाचे असे दोन उच्चार करून त्यांना दोन कामे वाटून देण्याची ही सोय काळ आणि क्रम या अर्थांपुरती खुद्द इंग्रजांनी केलेली नाही.

या शब्दाची पहिली नवलाई अशी की, तो संख्याविशेषण असूनही त्यात ‘दोन’ ही संख्या कोठेच नाही. ‘थर्ड’मध्ये ‘थ्री’ आणि ‘फोर्थ’मध्ये ‘फोर’ ही मूळ संख्या उघड दिसते. ‘सेकंड’चा मात्र ‘टू’शी सुतराम संबंध नाही. ‘फर्स्ट’चाही ‘वन’शी नाही, परंतु ‘सर्वांत पुढचा’ ही कल्पना संख्येवाचून सुचण्यासारखी असल्यामुळे, आणि आपल्या ‘प्रथम’ व ‘पहिला’ या शब्दांतही ‘एक’ नसल्यामुळे, त्याचे आश्चर्य वाटत नाही. ‘सेकंड’चे मूळ लॅटिन ‘सेकुंदुस’ या शब्दात असून तो ‘सेक्वी’, म्हणजे अनुसरणे, या क्रियापदापासून बनलेला आहे. तेव्हा सेकंड म्हणजे मागून येणारा, अनुगामी. रोमन खलाशी अनुकूल वाऱ्यालाही हेच विशेषण लावीत, कारण जो वारा गलबताच्या पाठीमागून येतो तोच त्याला पुढे नेतो. या क्रियापदाचा धातू संस्कृतातील ‘सच्’, म्हणजे सोबत असणे, या धातूचा सगोत्र मानला जातो. आणि ‘सचिव’ व ‘सखा’ हे शब्द त्याच कुळातले. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतील सुरनिसास राज्याभिषेकसमयी ‘सचिव’ हे संस्कृत नाव मिळाले, तेव्हा लंडनच्या घड्याळातील सेकंदाचा एक दूरचा भाऊबंद रायगडच्या दरबारात दाखल झाला, असे विनोदाने म्हणता येईल.

मग या परक्या शब्दाची इंग्रजीला गरज का पडली? जुन्या इंग्रजीत ‘दुसरा’ या अर्थी ‘अदर’ हाच शब्द होता आणि त्याला आपल्या ‘दुसरा’प्रमाणेच दोन अर्थ होते : पहिल्यानंतरचा, आणि हा नव्हे तो. मराठीत आपण ‘दुसरा मुलगा डॉक्टर झाला’ असे म्हणतो तेव्हा मुलगे दोनच की अधिक, जन्मक्रमाने बोलणे चालले आहे की ‘उरलेला तो’ या अर्थाने, हे ऐकणाऱ्यास संदर्भावरूनच जाणावे लागते, आणि या संदिग्धतेने आपले काही अडलेले नाही. स्वीडिश व डॅनिश भाषांचेही अडले नाही; त्यांत आजही एकच शब्द ही दोन्ही कामे करतो. जर्मन भाषेने पुढे आपल्याच ‘दोन’पासून नवे क्रमवाचक घडवून जुना शब्द ‘अन्य’ या अर्थापुरता राखला. तथापि दीड या संख्येसाठी तिच्यात ‘दुसरा अर्धा’ अशा अर्थाचा जुना समास टिकून आहे, आणि आपला ‘दीड’ही ‘द्वि’ व ‘अर्ध’ यांच्याच संयोगातून झिजत आला आहे. इंग्रजीने तिसरा मार्ग धरला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार, न्यायासन व लेखनकचेरी यांची भाषा फ्रेंच झाली, आणि तिच्याकडून सुमारे १३०० च्या आगेमागे इंग्रजीने ‘सेकंड’ उसना घेतला. जुन्या अर्थाची खूण एका वाक्प्रयोगात शिल्लक आहे : ज्याला आपण ‘एक दिवसाआड’ म्हणतो त्याला इंग्रज आजही ‘दर अदर दिवशी’ अशा अर्थाचे शब्द वापरतो. हा ‘अदर’सुद्धा आपल्याला परका नाही. ‘अन्य’ या अर्थाचा संस्कृत ‘अंतर’ हा त्याचा सगोत्र असून ‘देशांतर’ म्हणजे अन्य देश आणि ‘भाषांतर’ म्हणजे अन्य भाषा, या समासांत तो आपण रोज उच्चारतो.

काळाचे परिमाण या अर्थाचा इतिहास तर शुद्ध कारकुनी संक्षेपाचा आहे. बाबिलोनी लोकांची साठाच्या पटीची गणना ग्रीक ज्योतिषी टॉलेमी याच्या द्वारे युरोपात रूढ झाली, आणि मध्ययुगीन लॅटिन ग्रंथांत अंशाच्या साठाव्या भागास ‘पहिला सूक्ष्म भाग’ व त्याच्याही साठाव्या भागास ‘दुसरा सूक्ष्म भाग’ अशी लांबलचक नावे पडली. पुढे पहिल्यातील ‘पहिला’ गळून ‘सूक्ष्म’ तेवढे उरले, तेच मिनिट. दुसऱ्यातील ‘सूक्ष्म भाग’ गळून ‘दुसरा’ तेवढे उरले, तोच सेकंद. म्हणजे ‘एक सेकंद थांबा’ असे सांगणारा मनुष्य शब्दार्थाने केवळ ‘एक दुसरा थांबा’ असे म्हणत असतो. दुसरा काय, हे सांगणारे नाम मधल्या शतकांत हरवले आहे. याच ओळीत तिसरे व चौथे भागही होते, आणि रॉजर बेकन याने १२६७ मध्ये पौर्णिमांचे काळ देताना ते वापरलेही. परंतु व्यवहारात इतके बारीक मोजण्याचे साधन नसल्यामुळे ते मागे पडले. आपल्याकडील व्यवस्था साठाचीच, पण नावांची तऱ्हा निराळी होती. अहोरात्राच्या साठ घटिका, घटिकेची साठ पळे व पळाची साठ विपळे, या हिशेबाने पळ चोवीस सेकंदांचे आणि एका सेकंदात अडीच विपळे होतात. कोनमापनात मिनिटास ‘कला’ व सेकंदास ‘विकला’ म्हणत. घंगाळातील पाण्यावर सोडलेले, बुडाशी छिद्र असलेले घटिकापात्र चोवीस मिनिटांनी बुडे आणि लग्नघरी उपाध्याय त्यावर डोळा ठेवून बसत. विपळ मात्र पोथीतच राही.

युरोपातही सेकंद दीर्घकाळ पोथीतच होता. तो कानाला ऐकू येऊ लागला १६५६ साली हायगेन्स याने लंबकाचे घड्याळ सिद्ध केल्यानंतर. ज्या लंबकाचा एक हेलकावा बरोबर एका सेकंदाचा असतो त्याची लांबी सुमारे ९९.४ सेंटिमीटर भरते. जाँ रिशे हा फ्रेंच ज्योतिषी १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे वेधांसाठी गेला असता, पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे त्याचे घड्याळ तेथे रोज दोन-अडीच मिनिटे मागे पडू लागले आणि ते ताळ्यावर आणण्यासाठी लंबक तीन मिलिमीटरांहून किंचित कमी इतका आखूड करावा लागला. विषुववृत्ताजवळ गुरुत्वाकर्षण कमी असते, हे या घड्याळाच्या तक्रारीतून उघडकीस आले. पुढे पृथ्वीची गतीच समान नाही असे दिसून आल्यावर दिवसाचा ८६,४०० वा भाग ही सेकंदाची व्याख्या सोडून द्यावी लागली, आणि १९६७ पासून सीझियम-१३३ या अणूच्या विशिष्ट प्रारणाच्या ९,१९२,६३१,७७० आवर्तनांस लागणारा काळ म्हणजे सेकंद, असे ठरले.

‘अनुगामी’ हा मूळ अर्थ अधिक जिवंतपणे दिसतो तो मनुष्याला लागणाऱ्या उपयोगात. द्वंद्वयुद्धात प्रत्येक प्रतिपक्ष्याबरोबर एक ‘सेकंड’ असे. पिस्तुले तपासणे, अंतर मोजणे, आणि मुख्य म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत समेट घडवू पाहणे हे त्याचे कर्तव्य. १७ ऑगस्ट १७८० रोजी कलकत्त्याजवळ अलीपूर येथे गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज व त्याच्या कौन्सिलातील सभासद फिलिप फ्रान्सिस यांचे असे युद्ध झाले, त्यात कर्नल पिअर्स हा हेस्टिंग्जचा व कर्नल वॉटसन हा फ्रान्सिसचा सेकंड होता. भांडणाचे मूळ पुण्याशी चाललेल्या लढाईत होते : मराठ्यांवरील युद्धात आड येणार नाही असे वचन फ्रान्सिसने दिले व मोडले, असा हेस्टिंग्जचा आरोप असून तो त्याने कौन्सिलच्या दप्तरात लेखी नमूद केला होता. फ्रान्सिसच्या उजव्या कुशीत गोळी लागली. तो वाचला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विलायतेला निघून गेला. द्वंद्वयुद्धे संपली, तरी मुष्टियुद्धाच्या आखाड्यात कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभा राहणारा इसम अद्याप सेकंड म्हणूनच ओळखला जातो. सभागृहात ठरावाला सेकंड करणारा तो अनुमोदक. आपल्या संस्थांच्या इतिवृत्तवहीत प्रत्येक ठरावाखाली ‘सूचक’ व त्याच्या शेजारी ‘अनुमोदक’ अशी दोन नावे नोंदतात; त्या ‘अनु’मध्ये मागून येण्याचा अर्थ असल्यामुळे हा प्रतिशब्द, ज्याने कोणी योजिला असेल त्याने, फार नेमका योजिला आहे.

जो मागून येतो तो कमी प्रतीचा, हा अर्थ यथाकाल चिकटणे अपरिहार्य होते. मराठीने त्यासाठी फारसीकडून ‘दुय्यम’ घेतला, ज्याचा तिकडील अर्थ निव्वळ ‘दुसरा’ एवढाच आहे. अव्वल कारकून व दुय्यम निबंधक ही पदनावे सरकारी कचेऱ्यांत रुळली. घरचा ‘दुसरा’ संख्येसाठी आणि बाहेरचा ‘दुय्यम’ दर्जासाठी, अशी ही वाटणी इंग्रजीपेक्षा अधिक सोयीची झाली, कारण ‘सेकंड’ला ही दोन्ही ओझी एकट्यानेच वाहावी लागतात. त्यातून केवढा घोळ होतो, याचे उदाहरण शेक्सपिअरच्या मृत्युपत्रात आहे. १६१६ सालच्या या दस्तऐवजात त्याने पत्नीला आपला ‘सेकंड बेस्ट’ पलंग दिला, आणि तोही दोन ओळींच्या मध्ये मागाहून लिहून. उत्तम पलंग पाहुण्यांसाठी राखण्याची तेव्हा चाल होती, सबब दुसरा म्हणजे पतिपत्नींचा नित्याचा पलंग, असे एक पक्ष म्हणतो. हा उघड अपमान आहे, असे दुसरा म्हणतो. प्रस्तुत लेखकाला पहिला पक्ष अधिक संभवनीय वाटतो, परंतु शब्दाने अपमानाला जागा ठेवली आहे हे नाकारता येत नाही. भारतीय रेल्वेने १९७४ मध्ये तिसरा वर्ग रद्द करून त्यालाच दुसरा वर्ग म्हटले, तेव्हा याच शब्दाने एका रात्रीत असंख्य उतारूंना बढती दिली.

या शब्दाच्या चरित्राला अलीकडे एक अनपेक्षित पुरवणी जोडली गेली आहे. १९९० नंतरच्या दशकात पाकिस्तानचा ऑफस्पिन गोलंदाज सकलेन मुश्ताक हा नेहमीच्या चेंडूसारखाच हात फिरवून उलट दिशेने वळणारा एक चेंडू टाकू लागला, आणि यष्टीरक्षक मोईन खान त्याला मागून ‘दूसरा’ टाकण्याविषयी ओरडून सांगे. समालोचकांनी तो शब्द उचलला व इंग्रजी कोशांनी तो नोंदला. त्याचा अर्थ षटकातला दुसरा चेंडू असा नव्हे. नेहमीचा नव्हे तो, हाच. सातशे वर्षांपूर्वी क्रमवाचकापासून तोडून टाकलेला तो अर्थ इंग्रजीत असा उर्दूच्या हातून परत आला, आणि इंग्रज वार्ताहर आता त्याला आपल्या रीतीचा ‘स’ लावून ‘दूसराज’ असे त्याचे अनेकवचनही करतात.