वेंगुर्ले परिसरातील रानऑर्किडचे छायाचित्रण

वेंगुर्ले परिसरातील रानऑर्किडचे छायाचित्रण म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले तालुका व लगतच्या सह्याद्रीत नैसर्गिकरीत्या वाढणाऱ्या ऑर्किडची (आमर-कुल, ऑर्किडेसी) झाडावरून वा जमिनीतून न काढता, सूर्यप्रकाशात केलेली छायाचित्रे. अशी छायाचित्रे छंद म्हणून काढली जातात, तशीच ती वनस्पतींची ओळख पटवण्यासाठीही वापरली जातात.

पार्श्वभूमी

या प्रदेशातील ऑर्किडच्या नोंदी डॅल्झेल व गिब्सन यांच्या 'द बॉम्बे फ्लोरा' (१८६१) या ग्रंथात आढळतात. सांतापाव व कपाडिया यांचा 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' (१९६६) हा ग्रंथ केवळ याच कुलाला वाहिलेला आहे. त्या काळी अभ्यासाचा मुख्य आधार वाळवलेला नमुना हा होता. वाळवल्यावर फुलाचा रंग व ठेवण बरीचशी नाहीशी होते. ही उणीव छायाचित्र भरून काढते.

अधिवास व हंगाम

सीतेची वेणी (ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा) ही अपिवनस्पती जुन्या आंबा-फणसांच्या खोडांवर वाढते आणि साधारणतः मे-जूनमध्ये फुलते. हीच वनस्पती आसामात कोपौ फूल म्हणून बिहूच्या सणात केसांत माळली जाते. डेंड्रोबियम बार्बाट्युलमची पांढरी फुले उन्हाळ्याच्या सुमारास पाने गळलेल्या दांड्यांवर येतात. जांभ्या दगडाच्या सड्यांवर पहिल्या पावसानंतर हॅबेनेरिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस उगवते. तिचे पान जमिनीला टेकलेले असते व फुले वीतभर उंचीचीही नसतात. वेंगुर्ले–बेळगाव मार्गावरील आंबोली येथे अधिक पाऊस व उंचीमुळे आणखी अनेक जाती दिसतात.

प्रकाश

वेंगुर्ले सुमारे १५.९° उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या पहिल्या व ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. सीतेच्या वेणीचा लोंबता तुरा त्या उन्हात वरून पांढरा पडतो आणि खालची फुले काळोखात जातात. त्यामुळे सूर्योदयानंतरचे दीड-दोन तास सोयीचे ठरतात. दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो व तुरा हलू लागतो, हेही सकाळ निवडण्याचे कारण आहे.

दाट सावलीत वेगळीच अडचण येते. पानांतून गाळून व परावर्तित होऊन आलेला प्रकाश हिरवट असल्याने पांढऱ्या पाकळ्यांवर हिरवी झाक चढते. जवळ पांढरा कागद धरून श्वेतसंतुलन ठरवल्यास ती बरीच कमी होते. पानांतून पडणारे कवडसे पातळ पांढऱ्या कापडाने मऊ करता येतात. साधी पांढरी छत्रीही चालते. काळोख्या पार्श्वभूमीवरील लहान पांढऱ्या फुलाचे उद्भासन कॅमेरा प्रमाणाबाहेर वाढवतो, म्हणून ते अर्धा ते एक स्टॉप कमी करावे लागते. फुलानेच चौकट भरली असेल, तर दुरुस्ती नेमकी उलट करावी लागते. फ्लॅश टाळण्यामागे शुद्धतेचा आग्रह कमी व व्यवहार अधिक आहे: मेणचट पाकळ्यांवर त्याची चकाकी उमटते आणि ओष्ठावरील बारीक रेषा पुसल्या जातात.

पावसाळ्यातील ढगाळ प्रकाश सावल्यांविना सर्वत्र सारखा पडतो, मात्र तो मंद असतो. जवळून छायाचित्र घेताना क्षेत्रखोली काही मिलिमीटरच राहते. त्यासाठी छिद्र लहान केले की शटर मंदावते. तेव्हा तिपाई आवश्यक होते. सड्यावर तिपाईऐवजी वाळूची पिशवी अधिक उपयोगी पडते.

ओळखीसाठी छायाचित्रे

सुंदर चित्र ओळखीला पुरेलच असे नाही. हॅबेनेरियाच्या जाती ओष्ठाचे खंड व मागील नळीसारखी शुंडिका यांवरून वेगळ्या करतात, म्हणून समोरचे व बाजूचे अशी दोन्ही दृश्ये लागतात. पान, आभासी कंद आणि आधार देणारे झाड यांचीही नोंद हवी.

संवर्धन

ऑर्किडच्या बियांत अन्नसाठा जवळजवळ नसतो. रुजण्यासाठी विशिष्ट बुरशीची साथ लागते. त्यामुळे उपटून नेलेल्या झाडाची जागा सहज भरून निघत नाही. संपूर्ण कुल साइट्स कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट आहे. जुनी झाडे तुटणे, चिरेखाणी आणि सड्यांवरील काजूची लागवड यांमुळे अधिवास घटतो. छायाचित्रकारांकडूनही हानी होते: एका फुलासाठी आडवे झोपताना शेजारची न फुललेली रोपे चिरडली जातात आणि पार्श्वभूमी मोकळी करण्यासाठी आडवे येणारे गवत उपटले जाते. भ्रमणध्वनीने टिपलेल्या चित्रात अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जाऊ शकतात. दुर्मीळ जातींची चित्रे प्रसिद्ध करताना ही माहिती काढून केवळ तालुक्याचे नाव देण्याचा प्रघात आहे.