अंगारांची गाडी

जव्हारच्या पठारावरील जामसरसारख्या गावी, जेथे नळाने येणाऱ्या गॅसची वार्ताही अद्याप पोहोचलेली नाही, तेथे पौष-माघाच्या रात्री घर उबदार ठेवावयाचे ते कशाने, असा प्रश्न एका स्नेह्याने केला, तेव्हा शेगडीचे गुणदोष चार ओळींत लिहून धाडावेत एवढाच माझा मानस होता. परंतु त्या निमित्ताने अमरकोशातला वैश्यवर्ग चाळताना भांड्याकुंड्यांच्या गर्दीत अंगारधानिका, अंगारशकटी आणि हसन्ती ही शेगडीची नावे एका रांगेत उभी दिसली, आणि मूळ प्रश्न बाजूस राहिला.

अंगारधानिका म्हणजे निखारे ठेवण्याचे पात्र, हे सरळच आहे. हसन्ती म्हणजे हसणारी. वरची राख फुंकरीने उडताच निखारा कसा फुलतो हे ज्याने पाहिले आहे, त्यास या नावाचा खुलासा नको. पण अंगारशकटी म्हणजे चक्क निखाऱ्यांची गाडी! शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त चारुदत्ताचा मुलगा सोन्याच्या गाडीसाठी रडू लागतो आणि वसंतसेना त्याच्या ज्या मातीच्या गाडीत आपले अलंकार भरते, ती हीच शकटिका. आमची शेगडी ही त्या गाडीची सख्खी बहीण, असे माझे म्हणणे आहे.

प्रतिपक्षाची कैफियत ठरलेली आहे: शेगडी ही शेकण्याची वस्तू, सबब तिचे मूळ ‘शेक’ या शब्दात, शकटाची यातायात कशाला? या पक्षाजवळ पुरावाही घरचा आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे सरकवून त्यांवर ओवा व बाळंतशेपा टाकीत, धुरी अंगभर लागू देणाऱ्या कोणाही आजीबाईस विचारा, ती शेक आणि शेगडी यांची फारकत क्षणभर मान्य करणार नाही. तरीही मला हा दावा टिकत नाहीसे वाटते. ‘शेक’पासून शब्द निघता तर तो ‘शेकडी’ होता. शेकणे, शेकोटी यांत आपला क शाबूत राहिला असताना येथेच त्याचा ग होण्यास कारण काय? उलट मकराचा मगर आणि घटाचा घडा ज्या वाटेने झाला, त्याच वाटेने शकटीची सगडी होते. आणि ही सगडी केवळ तर्कातली नव्हे. जव्हार तालुक्यापासून गुजराती मुलूख फार दूर नाही. तिकडे शेगडीस आजही ‘सगडी’च म्हणतात, आणि शेकण्याचे क्रियापद त्या भाषेतही असून त्याचा एकार तेथील सगडीला चिकटलेला नाही. मराठीत तो चिकटला, एवढे श्रेय मी शेकास देतो: देह शकटीचा, मुखवटा शेकाचा.

राहता राहिला चाकांचा आक्षेप. चाके नाहीत तर गाडी कसली? माझा जबाब असा की शकटाचा धर्म चाक नसून वहन हा आहे. चूल जागची हलत नाही. तिची मालकीण तिच्यापाशी जाते. शेगडी मात्र माजघरातून ओटीवर, ओटीवरून आजाऱ्याच्या उशाशी नेता येते. ज्याने प्रथम अग्नीस असे चालते केले, त्यास गाडीवाचून दुसरे नाव सुचले नसावे.

गंमत अशी की या मुलखात निखाऱ्यांची गाडी अक्षरशः चालली. लाकडे रचून, पालापाचोळा व माती यांनी झाकून, हवा बेताची देत त्यांना आत धुमसत ठेवावयाचे आणि कोळसा पाडावयाचा, ही विद्या येथल्या कातकऱ्यांची. ठाणे जिल्ह्याच्या रानांत पाडलेला तो कोळसा गाड्यांतून शहराकडे जाई आणि मुंबईच्या चाळींतील शेगड्यांत फुले. पाडणाऱ्याच्या झोपडीत मात्र लाकडाची चूलच जळे.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे: मातीमागून लोखंड आले, १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये प्रायमस स्टोव्ह निघाला, १९५५ मध्ये बर्मा-शेलने मुंबईत गॅसच्या टाक्या विकावयास आरंभ केला. निखारा गेला तरी नाव गेले नाही. दोन बर्नरांच्या त्या चकचकीत पेटीसही आपण शेगडीच म्हणतो. नळाच्या गॅसने शहरातील शेगडी भिंतीस जखडली, तिचे गाडीपण संपले. जामसरकडे मात्र चौदा किलो दोनशे ग्रॅम गॅसची टाकी अजूनही वाहनातूनच येते, आणि अमरकोशकार अमरसिंहाच्या शब्दाची लाज राखते.

आता स्नेह्याचे उत्तर. घर जुन्या वहिवाटीचे, कारवीच्या कुडाचे आणि शेणामातीने लिंपलेले असेल, तर छपराच्या फटींतून धूर व वायू काहीसा निघून जातो. तेथे जागेपणी, दार उघडे ठेवून शेगडी वापरण्यास माझी हरकत नाही; निजण्यापूर्वी मात्र ती बाहेर न्यावी. परंतु सिमेंटच्या, स्लॅबच्या नव्या घरकुलात खिडक्या मिटून निखारे ठेवणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला घरात घेणे होय. त्यास रंग नाही, वास नाही. झोपलेल्यास तो जागे होऊ देत नाही. स्वयंपाकाची गॅसशेगडी रात्रभर जळत ठेवणे हेही तितकेच वाईट, शिवाय टाकी अकाली संपते ती वेगळीच. अशा घरी हजार वॉटचा विजेचा हीटर निजण्यापूर्वी तासभर लावावा, त्यास एक युनिट पडते. आणि वीज गेली तर गोधडी जास्तीची घ्यावी.