आल व वऱ्हाडातील रंगीत सूत

आल अथवा बारतोंडी (मोरिंडा सिट्रिफोलिया) या लहान वृक्षाच्या मुळांच्या सालीपासून मिळणारा तांबडा रंग वऱ्हाडात सूत व कापड रंगविण्यासाठी वापरीत. आजचा यवतमाळ जिल्हा (१९०५ पूर्वीचा वणी जिल्हा) याच कापूसप्रदेशाचा आग्नेय भाग होय. लागवडीनंतर सुमारे तीन वर्षांनी मुळे खणीत. बारीक मुळांत रंग अधिक, जाड मुळे जवळजवळ टाकाऊ. सुतावर तेल व तुरटी यांचा रंगबंधक संस्कार करून ते मुळांच्या चूर्णासह पाण्यात उकळीत.

लुगड्याच्या काठाची नक्षी छापलेली नसून रंगीत धाग्यांच्या क्रमातून उमटते. त्यामुळे विणकराला ताण्यातील धागे आधीच मोजावे लागत आणि काठाचे सूत एकाच खेपेत रंगवून घ्यावे लागे. दुसऱ्या खेपेची छटा क्वचितच जुळे. विदर्भातील करवती काठ तीन धोट्यांनी विणतात, तेथे ही अडचण विशेष जाणवते.

ग्रेबे व लीबरमान यांनी १८६८ मध्ये अलिझारीन हे रंगद्रव्य कृत्रिम रीत्या तयार केले व पुढे ते स्वस्तात मिळू लागले. आलाच्या ऱ्हासाचे हे प्रमुख कारण खरे. तथापि अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाला तेजी आल्यावर तीन वर्षे जमीन अडविणारे पीक शेतकऱ्याला परवडणे कठीणच होते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली, १८७७ मध्ये तेथे एम्प्रेस मिल सुरू झाली. वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून बाहेर जाऊ लागला आणि हातमागावर गिरणीचे सूत आले.