छोट्या चपळ मोटारीसाठी उन्हाळी टायर : निवड कशी करावी?

मे महिन्याच्या सुट्टीत गोव्याच्या रस्त्यांवर ‘एमपी ०९’ अशी क्रमांकपट्टी असलेल्या मोटारी दिसू लागतात. हा इंदूरचा नोंदणी क्रमांक. होळकरांच्या काळापासून मराठी कुटुंबे ज्या शहरात स्थिरावली, त्या शहराच्या पश्चिमेकडील सुदामा नगरातून पहाटे निघालेली एखादी छोटी, चपळ हॅचबॅक डोळ्यांपुढे आणावी. ती माळव्याचे पठार उतरते, खलघाटला नर्मदा ओलांडते, निमाडच्या उन्हातून जात बिजासन घाटाने सातपुडा पार करते आणि सुमारे हजार किलोमीटरनंतर आंबोली किंवा चोर्ल्याची वळणे उतरून गोव्याच्या दमट हवेत पोहोचते. परतीला उशीर झाला तर वाटेत पहिला पाऊसही गाठतो. या साऱ्या प्रवासात मोटारीचा रस्त्याशी संबंध येतो तो केवळ चार ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढ्या रबरापुरता. इंजिन कितीही ताकदीचे असो, ब्रेक कितीही उत्तम असोत, त्यांचे सामर्थ्य अखेर त्या चार तळहातांतूनच रस्त्यावर उतरते.

टायर या विषयात गोवा आणि इंदूर या दोन्ही ठिकाणांना स्थान आहे. फोंडा तालुक्यातील उसगावला एमआरएफचा कारखाना आहे, तर इंदूरजवळच्या पिथमपूर परिसरात खेडा येथे ब्रिजस्टोनचा कारखाना १९९८ पासून चालू आहे. त्याच पिथमपूरला ‘नॅट्रॅक्स’ हे वाहन-चाचणी केंद्र असून तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान मार्गाचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. वेगाच्या मार्गाबरोबरच तेथे ब्रेकची परीक्षा घेणारा मार्ग, चढाचा मार्ग आणि ओल्या पृष्ठभागावरील घसरण पाहणारे मैदानही आहे. वाहन किती वेगाने धावते यापेक्षा ते तापलेल्या, ओल्या आणि चढउताराच्या रस्त्यावर किती विश्वासाने थांबते व वळते, हे पाहणे अधिक कठीण असते. टायर घेणाऱ्यानेही हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे.

उन्हाळी टायर म्हणजे काय?

‘उन्हाळी टायर’ हा शब्द थंड हवामानाच्या देशांतून आला. तेथे हिवाळ्यात निराळे, मऊ रबराचे टायर बसवतात. तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन त्याची पकड घटते. उलट हिवाळी टायरचे रबर उष्णतेत अतिशय मऊ पडते, लवकर झिजते आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांबवर जाऊन थांबते. हिवाळी टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते. गोव्यात त्याचा उपयोग नाही. इंदूरमध्ये जानेवारीच्या एखाद्या पहाटे पारा बराच उतरतो, तरी रस्त्यावर बर्फ साचत नाही. त्यामुळे तेथेही वर्षभर उन्हाळी टायरच योग्य ठरतात.

मात्र उन्हाळी टायर म्हणजे फक्त कोरड्या रस्त्याचा टायर, हा समज चुकीचा आहे. उन्हाळी टायर हा उष्ण ऋतूंचा टायर आहे आणि आपल्याकडे उष्ण ऋतूला जोडूनच पाऊस येतो. म्हणून आपल्या हवामानात टायर निवडताना पहिला विचार उष्णता सोसण्याचा, दुसरा पाण्यावरील पकडीचा आणि वेग व देखणेपण यांचा विचार त्यानंतर, असा क्रम असावा.

टायरच्या बाजूवरील मजकूर

टायरच्या बाजूवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असा मजकूर असतो. यातील १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, अर्थात सुमारे १२० मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा इंचातील व्यास. ८८ हा भारांक असून त्याचा अर्थ एक टायर ५६० किलोपर्यंत भार पेलू शकतो. शेवटचे अक्षर वेगमर्यादा सांगते : ‘एस’ १८०, ‘टी’ १९०, ‘एच’ २१० आणि ‘व्ही’ ताशी २४० किलोमीटर.

आपल्याकडे द्रुतगती मार्गांवरही मोटारींसाठी कमाल मर्यादा ताशी १२० किलोमीटर ठरवलेली असताना २१० किंवा २४० चे टायर कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर उष्णतेत आहे. वेग वाढला की टायर दर फेरीला दबून पुन्हा फुगण्याची क्रिया जलद होते आणि आतली उष्णता वाढते. वरच्या श्रेणीचा टायर ही उष्णता अधिक काळ सोसतो. म्हणून कंपनीने मोटारीसाठी ठरवलेल्या भारांकापेक्षा किंवा वेगाच्या अक्षरापेक्षा खालच्या श्रेणीचा टायर स्वस्त मिळतो म्हणून कधीही घेऊ नये.

अनेक टायरांवर आणखी तीन श्रेणी छापलेल्या असतात. ‘ट्रेडवेअर’चा आकडा झीज सोसण्याची क्षमता दर्शवतो. तो जितका मोठा, तितके टायरचे आयुष्य जास्त अपेक्षित असते. मात्र हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची काटेकोर तुलना करता येत नाही. ‘ट्रॅक्शन’ म्हणजे ओल्या पृष्ठभागावर सरळ थांबण्याची क्षमता. तिच्या श्रेणी एए, ए, बी व सी अशा उतरत्या आहेत. ‘टेम्परेचर’ म्हणजे उष्णता सोसण्याची श्रेणी : ए, बी, सी. माळव्याच्या उन्हातून जाणाऱ्याने आणि गोव्याच्या पावसात चालवणाऱ्यानेही या शेवटच्या दोन श्रेणी आधी पाहाव्यात.

उष्णता आणि हवेचा दाब

मे महिन्यात इंदूरचा पारा अनेकदा ४० अंशांच्या पुढे जातो. अशा दुपारी डांबराचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. सुदामा नगरसारख्या वसाहतीत घरासमोर उघड्यावर उभी राहणारी मोटार चालू नसतानाही तिचे टायर उन्हात जुने होत असतात. रबराचा लवचीकपणा कमी होतो आणि बाजूवर बारीक भेगा दिसू लागतात. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला आहे, असे अशा वेळी म्हणता येत नाही.

उन्हाळ्यात टायर फुटतात म्हणून हवा थोडी कमी ठेवावी, हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो आणि तो धोकादायक आहे. हवा कमी असलेला टायर अधिक दबतो, त्याच्या बाजू दर फेरीला अधिक वाकतात आणि त्या वाकण्यातूनच उष्णता निर्माण होते. माणसे आणि सामान भरून द्रुतगतीने जाणाऱ्या मोटारीत हीच उष्णता टायरच्या आतील थर सैल करते. तापमान १० अंशांनी वाढले की टायरमधील दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. ही वाढ कंपनीने गृहीत धरलेली असते. म्हणून दाब थंड टायरवर, म्हणजे मोटार तीनेक तास उभी असताना, मोजावा आणि वाटेत तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. पूर्ण भारासाठी तेथे बहुधा वेगळा आकडा असतो आणि सुट्टीच्या प्रवासात तोच लागू होतो. नायट्रोजन भरल्याने हे नियम बदलत नाहीत. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

पहिल्या पावसाची परीक्षा

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. इंदूरमध्ये तो जेमतेम त्याच्या एक तृतीयांश असतो. तरीही दोन्ही ठिकाणी पहिली सर सारखीच फसवी असते. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल, धूळ आणि रबराचा चुरा पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो. माळव्यात त्यात शेतरस्त्यांवरून आलेल्या काळ्या मातीची भर पडते, तर गोव्यात लाल मातीची.

साचलेल्या पाण्यावर वेगळाच धोका असतो. खाचांना पाणी बाहेर फेकता आले नाही, तर टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो. तेव्हा सुकाणू आणि ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात. अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांच्या अभ्यासातून एक अंदाजी सूत्र मांडले. त्यानुसार गुळगुळीत झालेल्या टायरमध्ये ३३ पीएसआय दाब असल्यास ताशी सुमारे ९५ किलोमीटरला, तर दाब २५ पर्यंत घसरला असल्यास सुमारे ८३ किलोमीटरलाच तो तरंगू लागण्याची शक्यता असते. म्हणजे कमी हवा उन्हातही घातक आणि पावसातही.

कायद्याने मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. नव्या टायरची खाच साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते. मुख्य खाचांच्या तळाशी असलेल्या रबराच्या उंचवट्यांपर्यंत नक्षी झिजली की ही मर्यादा आली असे समजावे. ही कायद्याची शेवटची रेषा आहे. सुरक्षिततेची रेषा त्याच्या बरीच आधी येते. पावसाळी प्रदेशात खाच ३ मिलिमीटरवर आली की टायर बदलणे श्रेयस्कर आणि हे काम मे अखेरपर्यंत उरकलेले बरे.

रुंदीचा मोह

चपळ मोटारीच्या तरुण मालकाला पहिला मोह होतो तो रुंद टायर आणि मोठ्या अलॉय व्हीलचा. कोरड्या वळणावर रुंद टायरचा लाभ होतो, हे खरे. पण साचलेल्या पाण्यात रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते. शिवाय सुकाणू जड होते आणि इंधन अधिक लागते. रिम मोठी झाली की टायरची बाजू बुटकी होते. १८५/६५ आर १५ ची बाजू १२० मिलिमीटर असते, तर १९५/५५ आर १६ ची सुमारे १०७. हा तेरा मिलिमीटरचा फरक गतिरोधकावर आणि खड्ड्यात जाणवतो. टायरच्या बाजूला फुगा येणे किंवा रिम वाकणे हे प्रकार बुटक्या टायरांत अधिक घडतात.

बदल करायचाच असेल, तर टायरसह चाकाचा एकूण व्यास कायम राहिला पाहिजे. वरील दोन्ही आकारांचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर येतो, म्हणून हिशेबापुरते ते परस्परांच्या जागी चालतात. याउलट १८५/६५ च्या जागी २०५/६५ आर १५ बसवल्यास व्यास चार टक्क्यांहून अधिक वाढतो. वेगदर्शक १०० दाखवत असताना मोटार प्रत्यक्षात १०४ ने धावते. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे त्याच मोटारीच्या वरच्या श्रेणीला कंपनीने दिलेला आकार घेणे. स्विफ्टच्या प्राथमिक श्रेणीला १६५/८० आर १४ आणि वरच्या श्रेणीला १८५/६५ आर १५ असे टायर येतात. दोन्हींच्या व्यासात दोन मिलिमीटरचाच फरक आहे. या चौकटीबाहेरचा बदल केल्यास विम्याच्या दाव्याच्या वेळीही प्रश्न उपस्थित होऊ शकतो.

कोणाला कोणता टायर?

शहरातील ये-जा आणि वर्षातून एकदोन लांबचे प्रवास एवढाच वापर असेल, तर मूळ आकाराचा, ओल्या रस्त्यावर चांगली श्रेणी असलेला टूरिंग प्रकारचा टायर पुरेसा आहे. तो शांत चालतो आणि अधिक टिकतो. आय-२० एन लाइनसारखी मोटार असेल आणि घाटातील वळणांचा आनंद खरोखरच घ्यायचा असेल, तर मूळच्या १९५/५५ आर १६ आकारातच मऊ रबराचा, असमान नक्षीचा परफॉर्मन्स टायर घ्यावा. त्याचे आयुष्य कमी असते, हे मान्य करूनच तो घ्यावा. शर्यतीच्या मार्गासाठी बनवलेले, जवळजवळ खाचा नसलेले टायर मात्र आपल्या पावसाळी रस्त्यांवर वापरू नयेत.

भारतात २०२२ च्या अधिसूचनेने टायरचा घर्षणरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत. टायरवरील तारांकित ऊर्जा-लेबल मुख्यतः इंधनबचत सांगते. तारे अधिक म्हणजे पकड अधिक, असा त्याचा अर्थ नव्हे.

दुकानात उभे असताना

टायरच्या बाजूवरील चार आकडी निर्मितीखूण आपण स्वतः वाचावी. ‘१४२५’ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. नवा म्हणून विकला जाणारा टायर वर्षाहून जुना असेल तर दुसरा मागावा. वापरातील टायर पाच वर्षांचे झाले की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत. दहा वर्षांनंतर खाच शिल्लक असली तरी ते वापरू नयेत.

दोनच टायर बदलायचे असतील, तर नवी जोडी मागच्या चाकांना बसवावी. पुढची चाके खेचणाऱ्या मोटारीत नवे टायर पुढे असावेत असे वाटते. परंतु ओल्या वळणावर मागची चाके सुटली तर मोटार गरकन फिरते आणि ती सावरणे सामान्य चालकाला जवळजवळ अशक्य असते. पुढची चाके घसरली तर वेग कमी करून मोटार पुन्हा ताब्यात येण्याची संधी असते. एकाच धुरीवर दोन वेगवेगळ्या नक्षींचे टायर लावू नयेत. बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे. पहिले काही शे किलोमीटर संयमाने चालवावेत, कारण नव्या रबराचा वरचा गुळगुळीत थर निघून गेल्यावरच पूर्ण पकड मिळते.

सुट्टीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी आपण कपडे, औषधे, खाण्याचे डबे आठवणीने भरतो. त्याच सकाळी थंड टायरचा दाब, स्टेपनीची हवा आणि खाचांची खोली पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. सुदामा नगरहून निघणाऱ्याने ती दहा मिनिटे नर्मदेपर्यंतच्या उन्हासाठी द्यावीत आणि गोव्याहून निघणाऱ्याने चोर्ल्यातल्या पहिल्या सरीसाठी.