घरच्या नेटवर्कमध्ये लेयर थ्री स्विच: कधी लागतो, कसा लावायचा आणि गाडी कुठे अडते?

खाली दवाखाना आणि वर घर, अशी मांडणी महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात दिसते. दवाखान्याच्या जागी सीएचं ऑफिस असेल, क्लास असेल किंवा भाड्याने दिलेली खोली. इंटरनेटचं कनेक्शन मात्र एकच असतं. खालचा बिलिंगचा कॉम्प्युटर, वरचा टीव्ही, मुलांचे मोबाईल, गेटवरचा कॅमेरा आणि वेटिंग रूममध्ये बसलेल्या पेशंटचा फोन, सगळे त्याच एका वायफायवर.

यात धोका काय, हे कळायला मे २०१७ मध्ये पसरलेला वॉनाक्राय आठवून पाहा. हा रॅन्समवेअर एका विंडोज कॉम्प्युटरमध्ये शिरला की त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या विंडोज मशीन स्वतःच शोधायचा आणि फाईल शेअरिंगच्या पोर्ट ४४५ मधून त्यात घुसायचा. कुणी काही क्लिक करण्याची गरज नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, मिराई नावाच्या बॉटनेटने घरोघरचे कॅमेरे आणि राउटर कंपनीने दिलेल्या मूळ पासवर्डच्या जोरावर ताब्यात घेतले आणि डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला चढवला. ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साईट काही तास विस्कळीत झाल्या.

म्हणजे सगळी उपकरणं एकाच खोलीत कोंबायची नाहीत. खोल्या वेगळ्या करायच्या आणि मधल्या दारावर कुणाला सोडायचं ते आपण ठरवायचं. लेयर थ्री स्विच हे दार बसवण्याचा एक मार्ग आहे. पण तो प्रत्येक घरासाठी नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

लेयर टू आणि लेयर थ्री म्हणजे काय?

साधा स्विच लेयर टूवर चालतो. तो फक्त मॅक ॲड्रेस, म्हणजे उपकरणाला कारखान्यात मिळालेली ओळख बघतो. चाळीत पोस्टमन आला आणि ‘जोशी कुठे राहतात?’ विचारलं की कुणीतरी ओरडून सांगतं. एका चाळीपुरतं हे चालतं. अख्ख्या देशात पत्र पोचवायचं तर नाव पुरत नाही, पिनकोड लागतो. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली पिनकोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखली होती, हे जाता जाता. ४११०३० मधला पहिला ४ पाहूनच पत्र कुठल्या विभागात जायचं हे ठरतं, सदाशिव पेठेतलं घर कुणी तेव्हा शोधत बसत नाही.

आयपी ॲड्रेस तसाच काम करतो. १९२.१६८.१०.२५ या पत्त्यात पहिले तीन आकडे ‘कुठला भाग’ हे सांगतात आणि शेवटचा ‘कुठलं उपकरण’ हे. (घरच्या नेटवर्कमध्ये साधारणपणे अशीच विभागणी असते, सेटिंगमध्ये ती /२४ अशी दिसते.) एका भागातून दुसऱ्या भागात पॅकेट नेणं म्हणजे राउटिंग आणि ते लेयर थ्रीचं काम.

मग राउटर आणि लेयर थ्री स्विच यांत फरक काय? साध्या घरगुती राउटरमध्ये राउटिंगचं बरंचसं काम प्रोसेसर करतो. लेयर थ्री स्विचमध्ये त्यासाठी खास चिप असते, त्यामुळे पोर्टचा जेवढा वेग तेवढ्याच वेगाने पॅकेट एका भागातून दुसऱ्या भागात जातं. पण दोन गोष्टी तो बहुतेक वेळा करत नाही. एक, नॅट, म्हणजे घरातल्या अनेक खासगी पत्त्यांना बाहेरच्या एका पत्त्यावर आणणं. दुसरी, खऱ्या अर्थाने फायरवॉल. म्हणून लेयर थ्री स्विच घेतला तरी राउटर लागतोच.

तुम्हाला तो खरंच हवा आहे का?

बहुतेक घरांसाठी उत्तर ‘नाही’ आहे. भाग पाडण्यासाठी व्हीलॅन लागतात आणि व्हीलॅन समजणारा साधा मॅनेज्ड स्विच व एक बरा राउटर यांवर काम भागतं. सगळे व्हीलॅन एकाच केबलवरून राउटरपर्यंत न्यायचे, राउटिंग आणि फायरवॉल तिथेच. नेटवर्कवाले याला ‘राउटर ऑन अ स्टिक’ म्हणतात. इंटरनेटचा प्लॅन १०० किंवा २०० एमबीपीएसचा असेल आणि घरातल्या घरात मोठ्या फाईल फिरत नसतील, तर फरक जाणवणारही नाही.

फरक पडतो तो एका भागातून दुसऱ्या भागात मोठा डेटा जातो तेव्हा. समजा, खालच्या दवाखान्यातल्या एक्स-रे आणि स्कॅनचा बॅकअप वर ठेवलेल्या नॅस बॉक्सवर रोज जातो. गिगाबिट वेगाने १०० जीबी डेटा जायला साधारण १३ ते १४ मिनिटं लागतात. मधला राउटर ३०० एमबीपीएसलाच दमत असेल, तर तोच डेटा पाऊण तास घेतो आणि तेवढा वेळ वरच्यांचं इंटरनेटही अडखळतं. असं काही असेल किंवा तुम्हाला नेटवर्किंग शिकायचंच असेल, तर पुढे वाचा.

खरेदी करताना दोन गोष्टी पाहा. बॉक्सवर ‘एल२ प्लस’ किंवा ‘लेयर थ्री लाइट’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ सहसा स्टॅटिक राउटिंग मिळेल, ओएसपीएफसारखे प्रोटोकॉल मिळतीलच असं नाही. घराला स्टॅटिक राउटिंग पुरतं. दुसरं, लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ऑफिसांतून निघालेले सिस्कोचे जुने कॅटॅलिस्ट स्विच मिळतात. शिकायला उत्तम, पण त्यांचा पंखा बेडरूमशेजारी सहन होत नाही. वीजही मोजा. ५० वॅट खाणारं उपकरण चोवीस तास चालू ठेवलं तर महिन्याला ३६ युनिट होतात.

कागदावर आधी काय ठरवायचं?

केबल जोडण्याआधी एक कागद घ्या. आपल्या दवाखाना-घराचा आराखडा असा असू शकतो: व्हीलॅन १० घरासाठी, पत्ते १९२.१६८.१०.० चे. व्हीलॅन २० दवाखान्यासाठी, १९२.१६८.२०.० चे. व्हीलॅन ३० कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर, १९२.१६८.३०.० चे. व्हीलॅन ४० पाहुणे आणि वेटिंग रूम. व्हीलॅनचा नंबर आणि पत्त्यातला तिसरा आकडा सारखा ठेवणं बंधनकारक नाही, पण सहा महिन्यांनी काही बिघडलं की हीच सवय वाचवते. व्हीलॅनला १ ते ४०९४ मधला कुठलाही नंबर चालतो. १ हा स्विचवर आधीपासूनच असतो, तो रोजच्या वापरात न घेतलेला बरा.

आता एक भाग असा लागतो, जो लोक हमखास विसरतात. स्विच आणि राउटर यांच्यामधली गल्ली. तिच्यासाठी वेगळा व्हीलॅन ९९ घ्या. त्यात दोनच पत्ते वापरात: राउटर १९२.१६८.९९.१ आणि स्विच १९२.१६८.९९.२. या गल्लीत तिसरं उपकरण जोडायचं नाही. घरातले कॉम्प्युटर आणि राउटर एकाच भागात ठेवले, तर पॅकेट एका वाटेने जातं आणि उत्तर दुसऱ्या वाटेने येतं. फायरवॉलला अर्धाच संवाद दिसतो आणि ती कनेक्शन तोडते. मग ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी डोकेदुखी सुरू होते.

स्विचवर आणि राउटरवर काय करायचं?

प्रत्येक कंपनीचे मेनू वेगळे, पण क्रम तोच. आधी व्हीलॅन तयार करा. मग ठरवा की कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनचा. कॉम्प्युटर, टीव्ही, कॅमेरा यांचे पोर्ट एकाच व्हीलॅनचे, म्हणजे ‘ॲक्सेस’ किंवा ‘अनटॅग्ड’. वायफायच्या ॲक्सेस पॉइंटचा पोर्ट मात्र ‘ट्रंक’ किंवा ‘टॅग्ड’, कारण एकाच केबलवरून घरचं, दवाखान्याचं आणि पाहुण्यांचं अशी तिन्ही वायफाय नावं जाणार. त्यासाठी ॲक्सेस पॉइंटलाही व्हीलॅन समजायला हवेत. इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्याचं वायफाय बंद करा, नाहीतर त्यावर जोडलेला फोन तुमच्या सगळ्या भिंतींच्या बाहेर राहील.

यानंतर स्विचवर व्हीलॅन १०, २०, ३० आणि ९९ साठी लेयर थ्री इंटरफेस तयार करा आणि त्यांना पत्ते द्या: १९२.१६८.१०.१, १९२.१६८.२०.१ असे. हेच त्या त्या भागातल्या उपकरणांचं ‘गेटवे’. सिस्कोच्या स्विचवर राउटिंग वेगळं चालू करावं लागतं. ती एक ओळ राहिली तर सगळं बरोबर दिसूनही पॅकेट हलत नाही. मग स्विचला एक डिफॉल्ट रूट द्या: जे पत्ते माहीत नाहीत, ते सगळे १९२.१६८.९९.१ कडे पाठव.

लोक इथपर्यंत येतात आणि इंटरनेट चालत नाही. कारण जाण्याचा रस्ता सांगितला, परतीचा नाही. राउटरला १९२.१६८.१०.० कुठे आहे हे ठाऊकच नाही, म्हणून तो उत्तर इंटरनेट कंपनीकडे ढकलून देतो. राउटरवर स्टॅटिक रूट टाका: १०, २०, ३० हे तिन्ही भाग १९२.१६८.९९.२ मार्फत मिळतील. ओळखण्याची खूण सोपी आहे. घरच्या कॉम्प्युटरवरून ९९.२ ला पिंग लागतं आणि ९९.१ ला लागत नाही, तर बहुतेक वेळा परतीचा रूटच राहिलेला असतो.

कंपनीच्या फुकट डब्यांमध्ये स्टॅटिक रूटची सोय अनेकदा नसते किंवा असली तरी डबा आपल्या स्वतःच्या भागालाच नॅट करतो. अशा वेळी डबा ब्रिज मोडवर टाकून मागून स्वतःचा राउटर लावणं हाच सरळ उपाय. त्यासाठी कस्टमर केअरला फोन करावा लागतो आणि समोरच्याला ‘ब्रिज मोड’ कळेपर्यंत धीर धरावा लागतो.

उपकरणांना १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळत असेल, तर त्यांना डीएचसीपी सापडलेलं नाही. पत्ता मागणारी हाक आपल्या भागापुरतीच ऐकू जाते, दुसऱ्या भागात बसलेल्या राउटरला ती ऐकू येत नाही. एकतर स्विचवरच प्रत्येक व्हीलॅनचं डीएचसीपी चालू करा, नाहीतर स्विचला ‘डीएचसीपी रिले’ म्हणून मध्यस्थी करायला सांगा.

भिंत घातली, पण दार उघडंच?

राउटिंग चालू झालं की लेयर थ्री स्विच सगळ्या भागांना एकमेकांशी बोलू देतो. म्हणजे एवढा खटाटोप करून वॉनाक्रायसारख्याला रस्ता मोकळाच! नियम तुम्हाला एसीएलमध्ये लिहावे लागतात आणि इथे स्विचची मर्यादा समोर येते.

फायरवॉल संवाद लक्षात ठेवते: घरून रेकॉर्डरला विचारणा झाली होती, हे त्याचं उत्तर आहे, येऊ दे. स्विचच्या एसीएलला अशी आठवण नसते. ‘कॅमेऱ्यांच्या भागातून घराकडे काहीच नको’ असा नियम लिहिला, तर घरून रेकॉर्डर बघताना येणारं उत्तरही अडतं. टीसीपीसाठी बऱ्याच स्विचमध्ये ‘एस्टॅब्लिश्ड’ ही सोय असते, ती उत्तरासारखी दिसणारी पॅकेट सोडते. यूडीपीला तोही आधार नाही.

म्हणून माझ्या मते ज्यांच्यावर आपला भरवसा आहे, ते घर आणि दवाखाना स्विचवर राउट करावेत. पाहुण्यांच्या व्हीलॅन ४० ला स्विचवर पत्ताच देऊ नये. तो टॅग्ड स्वरूपात थेट राउटरपर्यंत न्यावा आणि तिथल्या फायरवॉलला सांभाळू द्यावा. कॅमेऱ्यांचंही तसं करता येतं, कारण तिथे वेगापेक्षा पहारा महत्त्वाचा. घर आणि दवाखाना यांच्यात फक्त बॅकअपला लागतो तेवढाच रस्ता ठेवा. दवाखान्यातला कॉम्प्युटर नॅसवर थेट लिहू शकत असेल, तर त्यात शिरलेला रॅन्समवेअरही लिहू शकतो. नॅसवर स्नॅपशॉट चालू ठेवणं म्हणूनच वेगळं आवश्यक.

घरच्यांच्या तक्रारीही येतील. मोबाईल एका भागात आणि टीव्ही दुसऱ्या भागात गेला की क्रोमकास्ट दिसेनासं होतं, प्रिंटर गायब होतो. ही उपकरणं एकमेकांना एमडीएनएसने हाका मारतात आणि ती हाक व्हीलॅनची हद्द ओलांडत नाही. राउटरमध्ये ‘एमडीएनएस रिफ्लेक्टर’ असेल तर चालू करा, नसेल तर टीव्ही आणि मोबाईल एकाच भागात राहू द्या.

आयपीव्ही६ कडे विशेष लक्ष द्या. भारतातल्या मोठ्या कंपन्या ते देतात. आयपीव्ही४ साठी लिहिलेला एसीएल आयपीव्ही६ ला लागू होत नाही. दोन्हीकडे नियम लिहा किंवा समजेपर्यंत आतल्या व्हीलॅनवर आयपीव्ही६ बंद ठेवा. कंपनीकडून एकच /६४ मिळत असेल, तर तसंही ते एकाच भागाला नीट देता येतं.

काम सुरू करताना एक पोर्ट जुन्या सेटिंगवर, फक्त स्विचमध्ये शिरण्यासाठी राखून ठेवा. चुकीचा नियम लिहून स्वतःलाच बाहेर कोंडून घेणं यात फार सोपं आहे. आणि सगळं चालू झालं की सेटिंग सेव्ह करा. सिस्कोसह अनेक स्विचवर केलेले बदल लगेच लागू होतात, पण सेव्ह केले नाहीत तर लाईट जाऊन आली की स्विच पुन्हा पहिल्यासारखा होतो.