पेटीवर गाणे

पेटीवर गाणे म्हणजे गायकाने स्वतःच हार्मोनियम वाजवीत केलेले गायन. या प्रकारात एका हाताने भाता हलविला जातो, दुसऱ्या हाताची बोटे पट्ट्यांवर फिरतात आणि त्याच वेळी गळा गात असतो. भावगीत, भजन, गझल, ठुमरी, कव्वाली, शीख कीर्तन आणि गायनाचे प्राथमिक शिक्षण या क्षेत्रांत ही पद्धत सर्वत्र रुळलेली आहे. ख्यालगायनाच्या मैफलीत मात्र पेटी बहुधा स्वतंत्र साथीदाराकडे असते.

पार्श्वभूमी

स्वतः वाद्य वाजवून गाण्याची रीत भारतात पेटीपेक्षा कितीतरी जुनी आहे. एकतारीवर गाणारा भजनी, तुणतुण्याच्या साथीने गाणारा शाहीर आणि बंगालमधील बाऊल ही तिची परिचित उदाहरणे होत. मात्र यांतील एकतारी आणि तुणतुणे ही वाद्ये मुख्यतः आधारस्वर व ठेका देतात. चाल वाजवीत नाहीत. गाण्याची चाल हुबेहूब वाजवू शकणारे आणि अल्प सरावाने हाती बसणारे वाद्य गायकाला पेटीच्या रूपानेच मिळाले.

हार्मोनियम हे मूळचे युरोपीय वाद्य. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबें यांनी त्याचे पेटंट घेतले. ते वाद्य पायांनी भाता हलवून, खुर्चीत बसून वाजविण्याचे होते. मराठी संगीत रंगभूमीवर ही पायपेटी आणि पुढे ऑर्गन बराच काळ नांदले. भारतीय बैठक जमिनीवरची. त्यामुळे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता वाद्याच्या मागील बाजूस आणून हातपेटी रूढ केली. या बदलाने एक हात भात्यात गुंतला आणि दोन्ही हातांनी स्वरसंघात वाजविण्याची सोय गेली. भारतीय संगीत एका वेळी एकाच स्वररेषेने चालणारे असल्याने ही उणीव कोणाला फारशी जाणवली नाही. उलट मांडी घालून गाणाऱ्यास वाद्य गुडघ्याजवळ आले, आणि ते ठेवायला घरातली सतरंजी पुरेशी झाली.

तंत्र

उजव्या हाताने वाजविणारा गायक डाव्या हाताने भाता चालवितो. पेटीच्या आत हवा साठविणारा दुसरा भाता असल्याने बाहेरच्या भात्याची हालचाल क्षणभर थांबली तरी स्वर तुटत नाही. गायकाच्या दृष्टीने ही रचना फार महत्त्वाची आहे, कारण त्यामुळे भात्याची लय गाण्याच्या लयीशी किंवा श्वासाशी जुळविण्याची गरज राहत नाही. नवशिके नेमके येथेच अडखळतात. प्रत्येक मात्रेला भाता ओढल्यामुळे स्वर हिसके खात बाहेर पडतो.

पट्टीची निवड गळ्यावरून होते. पुरुषांचा षड्ज पुष्कळदा काळी एक किंवा काळी दोनच्या आसपास, तर स्त्रियांचा काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास असतो. षड्ज बदलला की बोटांची मांडणीही बदलते. स्केल चेंजर पेटीत संपूर्ण पट्टीफलक डावीउजवीकडे सरकविता येतो, म्हणून तीच बोटे ठेवून निराळ्या षड्जावर गाता येते.

जाणता गायक गळ्यातला प्रत्येक स्वर पेटीवर वाजवीत नाही. मींड असेल तेथे तो पोहोचण्याचा स्वर धरून ठेवतो आणि मधला प्रवास गळ्यावर सोपवितो. द्रुत तानेत बोटे मागे पडू लागली तर षड्ज-पंचम दाबून धरतो. दोन ओळींमधील जागा लहानशा स्वरसमूहाने भरतो आणि तेवढ्यात श्वास घेतो. स्वतंत्र साथीदाराला उत्स्फूर्त गायकीचा मागोवा घ्यावा लागतो, त्यामुळे त्याचा स्वर किंचित उशिरा येतो. गायक स्वतः वाजवीत असेल तर हे अंतर उरत नाही. याची किंमतही आहे. लक्ष विभागले जाते, हात गुंतल्याने हातवारे व ताल दाखविणे बंद होते, आणि बोटांना सोपी असलेली स्वरवाक्येच गळ्यातून वारंवार येण्याचा धोका असतो. हा शेवटचा दोष ऐकणाऱ्याला लवकर कळतो, गाणाऱ्याला उशिरा.

स्वरांचा प्रश्न

पेटीवरील मुख्य आक्षेप तिच्या स्वरमेळाविषयी आहे. सामान्य पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. सप्तकाचे 1200 सेंट धरले तर पेटीचा शुद्ध गंधार 400 सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या षड्जातून उमटणारा नैसर्गिक गंधार सुमारे 386 सेंटवर असतो. पंचमातील फरक जेमतेम 2 सेंटचा, म्हणून तो खटकत नाही. गंधाराचा मात्र तयार कानाला स्पष्ट कळतो. शिवाय पेटीवर मींड व आंदोलन निघत नाही.

स्वतः वाजविणाऱ्या गायकाच्या बाबतीत हा आक्षेप अधिक गंभीर ठरतो. साथीदाराची पेटी बेसूर वाटली तर गायक तिच्यापासून दूर राहू शकतो. आपल्याच हातातील पेटीकडे गळा नकळत ओढला जातो. म्हणूनच अनेक गुरू प्रारंभी शिष्याला तंबोऱ्यावर स्वर लावायला लावतात आणि पेटी नंतर देतात. बडे गुलाम अली खाँ यांच्यासारखे गायक हाती स्वरमंडल घेत. ते रागानुसार जुळविता येते आणि गळ्यामागे स्वरांचे वातावरण उभे करते. चाल मात्र वाजवीत नाही.

विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार करून स्वरमेळाच्या अडचणीवर उपाय शोधला. तीत रागाला हवी ती श्रुती निवडता येते. मींडेचा प्रश्न अर्थातच तसाच राहतो.

बंदी

रवींद्रनाथ ठाकूर यांचा पेटीला विरोध होता. दिल्ली नभोवाणी केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनीही तिच्यावर कठोर टीका केली होती. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती 1971 मध्ये शिथिल झाली, परंतु पेटीच्या एकलवादनाला त्यानंतरही बराच काळ स्थान मिळाले नाही. पेटीवर गाणाऱ्या कलावंताला रेडिओवर जाताना या काळात आपले नित्याचे वाद्य बाहेर ठेवावे लागे.

या बंदीचा घरातल्या आणि रंगमंचावरच्या पेटीवर काही परिणाम झाला नाही. पुणे आकाशवाणीवरून 1955-56 मध्ये ग. दि. माडगूळकर यांचे गीतरामायण प्रसारित झाले, ते बंदीच्याच काळात. त्याचे संगीतकार सुधीर फडके पुढे रंगमंचावर स्वतः पेटी वाजवीत ही छप्पन्न गीते गात. मराठी श्रोत्यांच्या मनात पेटीवर गाणाऱ्या कलावंताचे जे चित्र आहे, ते बऱ्याच अंशी या कार्यक्रमांनी घडविले.

अन्य परंपरा

बेगम अख्तर (1914–1974) ठुमरी व गझल गाताना पेटी स्वतः वाजवीत. मेहदी हसन, गुलाम अली आणि जगजीत सिंह यांनी गझलगायनात तीच पद्धत चालविली. शब्द थांबवून एखाद्या ओळीचे निरनिराळे स्वरार्थ शोधताना पेटी हाताशी असणे त्यांना सोयीचे होते. कव्वालीत पेटी वाजविणारे गायकच असतात. नुसरत फतेह अली खान यांच्या पथकात त्यांचे बंधू फर्रुख फतेह अली खान पेटी वाजवीत आणि सोबत गातही असत.

शीख कीर्तनात रागी जमिनीवर बसून पेटी वाजवीत शबद गातात. ही वाद्यपरंपरा मूळची नाही, रबाब व सारंदा यांसारखी तंतुवाद्येच खरी, असे मानणारा एक पक्ष तेथे आहे. 2022 मध्ये अकाल तख्ताच्या जथेदारांनी अमृतसरच्या सुवर्णमंदिरातील कीर्तनातून पेटी तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याची सूचना केली, तेव्हा या वादाला पुन्हा तोंड फुटले. पिढ्यानपिढ्या पेटीवरच गात आलेल्या रागींपुढे तंतुवाद्य नव्याने शिकण्याचा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.